मेढीसमोरची जागा

धामणखारला पाहुणा आला की त्याला आधी खळं बघायला आणतात. हेच ते. गावाच्या उगवतीला, मिठागरांच्या बांधाला लागून काळ्या दगडांचं हे गोल रिंगण, आणि मधोमध रोवलेली ही मेढ. मळणीच्या वेळी बैल बांधून जिच्याभोवती फिरवतात, तो हा खांब. पण या खळ्यावर कितीएक पिढ्यांत भाताची एक पेंढीही मळलेली नाही. इथे फक्त लग्नं लागतात. चपला दगडांच्या बाहेर काढा. अजून मागे. हां, तिथे.

वाटेवर तुम्ही फलक वाचला असेल. 'तत्कालीन पाटलांच्या दूरदृष्टीने व समंजसपणाने' वगैरे. विसरा तो. गावच्या जाणत्यांनी तीन बैठका घेऊन तो लिहिला आणि त्यातल्या दोन बैठका खाली नावं कोणत्या क्रमाने घालायची यावर गेल्या. पाटलाची दूरदृष्टी किती होती ते पुढे कळेलच. खरी गोष्ट धवलारणी सांगतात. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, धवलारीण लावते, धवले गाऊन. तिला प्रत्येक घरातले रुसवे पाठ असतात, म्हणून तिच्याच गोष्टीवर विश्वास ठेवायचा.

फार पूर्वी, म्हणे, समोरच्या त्या टेकाडावर टोपीकर राहायला आले. विलायतेहून एका गलबतातून साठ-सत्तर माणसं उतरली, काही बायकापोरांसकट. त्यांचा कागद नाही, शिलालेख नाही, शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही. असती तर मी वर्गात थोडा जास्त टिकलो असतो. टेकाडाभोवती त्यांनी लाकडी कुसू घातला. आत वखार, घरं, आणि एक देऊळ. देऊळ म्हणजे कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर आणि पाद्र्याला उभं राहायला एक लाकडी ओटा. सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा ढोल वाजायचा. ढोल वाजला की हातातलं काम टाकून प्रार्थनेला पळायचं. जो आला नाही तो खोड्यात. उशिरा आला तोही खोड्यात. प्रार्थना चालू असताना हसला तो दोन दिवस खोड्यात. खोडा म्हणजे दोन फळ्यांच्या भोकांत पाय अडकवून माणसाला उन्हात बसवायचं. मीठ वाळवतात तसं माणूस वाळवायचे, असं धवलारणी सांगतात.

त्यांच्यावर राज्य होतं गव्हर्नर थॉर्नबीचं. गावाच्या तोंडात त्याचा दुसऱ्याच दिवशी ठोंब्या झाला. ठोंब्याचं राज्य कुसवापासून देवळाच्या दारापर्यंत. दाराच्या आत राज्य पाद्री क्रॉलीचं. दोघंही साठीचे, दोघांचेही गुडघे गेलेले, आणि दोघांनाही वाटायचं की सात समुद्र ओलांडून देवाने आपल्याला आणलं ते पुढे बसण्यासाठी.

गव्हर्नर म्हणायचा, देवळात माझी खुर्ची सगळ्यांत वर. पाद्री म्हणायचा, देवाच्या घरात माझ्या ओट्याहून वर काही नाही. त्या वस्तीत सुतार एकच, नेड पायक नावाचा तिशीतला माणूस. एका सकाळी गव्हर्नराने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या खुर्चीचे पाय वीतभर वाढव, बोलू नकोस कोणाला. त्याच संध्याकाळी पाद्र्याने सांगितलं, ओटा दीड वीत वाढव, बोलू नकोस कोणाला. नेड वाढवत गेला. असं म्हणतात की वर्षभरात पाद्र्याचं डोकं पेंढ्याच्या छपरात घुसलं, आणि देवाचं वचन सांगताना त्याच्या केसांतून उंदराची पिल्लं खाली पडायची. गव्हर्नर शिडी लावून खुर्चीवर चढायचा. खाली बसलेल्या लोकांनी ओठ चावून चावून रक्त काढलं, कारण हसलं की खोडा. नेड दोनदा जाऊन आला.

गव्हर्नराच्या खुर्चीला लाकूड पुरेना तेव्हा नेड खाली मिठागरांत आला. तिथे भरतीचं पाणी आतबाहेर करायच्या लाकडी दारांना आम्ही उघाडी म्हणतो. जुन्या उघाडीच्या फळ्या मागायला आला आणि भिवराच्या तावडीत सापडला. भिवरा ही सोमाय धवलारणीची मुलगी, वडील वारलेले, बापाचं मिठागर स्वतः चालवणारी. ती म्हणाली, "फळ्या घेऊन जा. पण आधी नवी उघाडी बसव." नेडने बसवली. मग दुसरी बसवली. मग ज्या उघाड्या धडधाकट होत्या त्याही त्याला मोडक्या दिसायला लागल्या. दोन पावसाळ्यांत त्याला आमची बोली यायला लागली आणि भिवराला त्याच्या भाषेतल्या चार शिव्या. लग्न करायचं हे दोघांनी बांधावर चिखल लिंपतालिंपता ठरवलं.

त्याच हिवाळ्यात विलायतेहून हुकूम आला. ज्या सड्या पुरुषांची सात वर्षं भरली त्यांना माघाच्या गलबताने परत पाठवा. ज्याचं लग्न होऊन इथे घर आहे तो राहील. नेडची सात वर्षं कार्तिकातच भरली होती. म्हणजे माघात गलबत शीड उभारण्याआधी लग्न लागलं तर नेड भिवराचा, नाहीतर समुद्राचा.

आता इथे चांगल्या माणसांनी काय केलं असतं? एका दिवसात लग्न लावून दिलं असतं. पण मधे चार मोठी माणसं होती.

बाटवायचं कोणी आणि शुद्ध करायचं कोणाला यावरच त्यांनी महिना घालवला. शेवटी सोमाय वैतागून म्हणाली, "पाद्र्याने त्याचं वाचावं, मी माझे धवले गाते. देव बहिरा नाय, दोनी ऐकंल." हे कसंबसं पटलं. मग खरा प्रश्न आला. टोपीकरांच्या कायद्यात गव्हर्नर सगळ्यांसमोर 'मान्य' म्हणाल्याशिवाय लग्न खरं नाही, आणि पाद्र्याने वाचल्याशिवाय गव्हर्नराने 'मान्य' म्हणायचं नाही. गव्हर्नर म्हणाला, माझा विरोध नाही, पण पहिली जागा माझी. पाद्री म्हणाला, माझाही विरोध नाही, पण पहिली जागा माझी.

आपल्या बाजूला बाळकोजी पाटील. त्याने नारळ फोडल्याशिवाय भिवराच्या घराला गावाने वाळीत टाकलं असतं. पाटील म्हणाला, "पोरीच्या सुखाआड मी कशाला येऊ? पण मान पाटलाचा." आणि भिवराचा धाकलू मामा. त्याने पोरीला कधी मूठभर तांदूळ दिले नव्हते, पण लग्न म्हटल्यावर मामा उगवला. "बाप नाय तिला. मी उभा राहिल्याशिवाय लगीन व्हतंय कसं? माझं काय नाय, पण रीत हाय ना."

माझं काय नाय, पण. ही चार शब्दांची तलवार आपल्या म्हाताऱ्यांनी शोधली असं मला वाटायचं. विलायतेतही होती म्हणे.

गलबत खाडीच्या तोंडाशी येऊन लागलं. पाण्याची पिंपं भरून झाली. नेडची सुताराची पेटी पुढे जाऊन गलबतावर चढलीसुद्धा. निघायला चार दिवस उरले तेव्हा भिवरा आईच्या शेजारी भाकऱ्या थापत बसली होती. सोमायने उभ्या आयुष्यात शेकडो लग्नं लावली होती. ती म्हणाली, "बाय, मांडवाला तोंड असतं. तोंड असलं की पुढं असतं, न् पुढं असलं की म्हातारी मानसं मरतात तिथं." भिवराचा हात थांबला. समोर तव्यावर भाकरी फुगली होती आणि दाराबाहेर त्यांचं स्वतःचं खळं दिसत होतं, मळणी होऊन रिकामं झालेलं.

दुसऱ्या दिवशी ती नेडला घेऊन निघाली आणि चारही जणांना वेगवेगळं भेटली. गव्हर्नराला आणि पाद्र्याला नेडच्या तोंडून, पाटलाला आणि मामाला स्वतःच्या. चौघांना एकच वाक्य सांगितलं. "लगीन आमच्या खळ्यावर. मेढीच्या बरोबर समोर जी जागा, ती पहिल्या मानाची. ती तुमची. कुनाला बोलू नका, बाकीचे रुसतील."

बाकीचे रुसतील म्हटल्यावर चौघांचेही चेहरे उजळले. टोपीकरांनी खळं कधी पाहिलं नव्हतं, त्यांचं समजू शकतो. पण पाटलाचं आयुष्य खळ्यावर गेलं होतं! खळं गोल असतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मान मिळतोय म्हटल्यावर त्याची अक्कल पागोट्याखाली निजली. फलकावरची दूरदृष्टी ती हीच.

लग्नाचा दिवस उजाडला. टेकाडावरून ढोल वाजवत टोपीकर उतरले, गाव बांधावरून आलं. गव्हर्नराच्या मागे दोन माणसं खुर्ची उचलून आणत होती. सोमाय खळ्याच्या कडेवर उभी राहिली. "खळ्यावर खुर्ची नाय, पायताण नाय. लक्षुमीची जागा हाय." गव्हर्नर लाल झाला. पण पाद्री खूश. तो म्हणाला, आमच्या पोथीतही पवित्र भूमीवर जोडे काढायला सांगितलंय. आणि त्याने तिथेच बूट ओढून काढले. आता पाद्री देवाच्या पुढे बूट काढून उभा म्हटल्यावर गव्हर्नर मागे कसा राहणार? त्यानेही काढले. गव्हर्नराच्या मोज्यातून एक अंगठा बाहेर आला होता, पाद्र्याच्या मोज्यांतून दोन. असं धवलारणी फार आवडीने सांगतात.

चौघं चार बाजूंना बसले. प्रत्येकाने मेढीकडे पाहिलं, ती बरोबर समोर होती. प्रत्येकाने उरलेल्या तिघांकडे पाहिलं, बिचारे कडेला बसलेले दिसले. चौघांच्याही तोंडावर दुसऱ्याची कीव आलेली होती. लग्नात एवढी प्रसन्न म्हातारी माणसं धामणखारने कधी पाहिली नव्हती.

नेड आणि भिवरा मेढीशी उभे राहिले. पाद्र्याने बसल्या जागेवरून वाचलं, गळा भरून वाचलं. सोमायने धवले गायले. हार पडले. उरलं इतकंच, की गव्हर्नराने 'मान्य' म्हणायचं आणि पाटलाने नारळ फोडायचा.

आणि मामाला राहवलं नाही. तो शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, "बघतोस ना रं? पहिल्या मानाला बसलोय."

पलीकडून पाटील गरजला, "कोन बसलाय पहिल्या मानाला?"

"मी. मेढीसमोर."

"अरे हाड! मेढीसमोर मी हाय. तू कडंला हायस!"

गव्हर्नराने नेडकडे पाहिलं. काय म्हणताहेत? नेडने गळ्यातल्या हारासकट भाषांतर केलं. गव्हर्नर उभा राहिला. ती जागा तर माझी. पाद्रीही उठला. मला तर या मुलीने शब्द दिलाय. मग चौघंही भिवराकडे वळले. खाडीच्या तोंडाशी गलबतावर शीड चढवताना दोराची करकर ऐकू येत होती. गव्हर्नराने नुसती पाठ फिरवली असती तरी नेड गेला असता.

भिवराने पदर खोचला. "मी खोटं बोलले असंन तर ह्याला आत्ता गलबतावर चढवा. ज्याच्या समोर मेढ नाय त्यानं सांगावं."

गव्हर्नराने एक डोळा मिटून नेम धरल्यासारखं पाहिलं. मेढ समोर. तो दोन पावलं डावीकडे सरकला. मेढ समोर. आणखी चार पावलं. समोरच. मग तो दगडांच्या कडेने चालायलाच लागला, मान मेढीकडे, अंगठा मोज्याबाहेर. हा लबाडी करून आपली जागा बळकावतोय असं पाटलाला वाटलं, तो त्याच्या मागून निघाला. पाटलावर नजर ठेवायला मामा. दोघांचाही भरवसा नाही म्हणून पाद्री, पोथी काखेत. चार मोठी माणसं एकामागे एक, पायताणाविना, मेढीभोवती गोल गोल. एक फेरा झाला. दुसरा झाला. मेढ काही कोणाच्या समोरून हलेना.

बांधावर बसलेल्या बायकांतून कोणीतरी मळणीची हाळी दिली. "चल रं ढवळ्या! फिर रं पवळ्या!"

आधी बायका हसल्या. मग गाव हसलं. मग, असं सांगतात, टोपीकरांच्या कळपात एका म्हातारीने तोंडावर हात दाबला, तो हात सुटला, आणि सात वर्षं दाबलेलं हसू एकदम बाहेर पडलं. छपरातले उंदीर, शिडी, खुर्ची, सगळ्याचं राहिलेलं हसू. लोक लोळले. पोटं धरून एकमेकांच्या अंगावर पडले. खोड्याकडे एकानेही पाहिलं नाही.

गव्हर्नर थांबला. नेडला म्हणाला, ते काय म्हणताहेत?

नेडला खोटं सांगता आलं असतं. लोक तुमचा जयजयकार करताहेत, असं. आपल्याकडे मोठ्यांना असंच सांगतात. पण नेडने खरं सांगितलं. "साहेब, तुम्हाला बैल म्हणताहेत."

गव्हर्नराने बांधावरच्या बायकांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "कोणता?"

"सगळ्यांत पुढचा, साहेब."

भिवराने हे गावाला मोठ्याने समजावून सांगितलं, तेव्हा पाटील खवळून म्हणाला, "ह्यो पुढचा कसा? ह्यो तर माझ्या मागं हाय!"

आणि खरंच होता. चौघांपैकी प्रत्येकजण प्रत्येकाच्या मागे होता. गव्हर्नराने पाटलाकडे पाहिलं, पाद्र्याच्या दोन अंगठ्यांकडे पाहिलं, आपल्या एका अंगठ्याकडे पाहिलं. त्याचे गाल थरथरले. मग तो असा हसला, की हसता हसता मटकन खाली बसला, जिथे होता तिथेच, कडेला मांडलेल्या सोमायच्या चुलीच्या धुरात, दोन मिठागरी बायांच्या मधे. हात वर करून तो त्याच्या भाषेत ओरडला, "मान्य! मान्य! मान्य!" एकदा म्हणायचं होतं, तीनदा म्हणाला. पाटलाने नारळ आपटला. तो घाईत मेढीवरच फुटला आणि पाणी मामाच्या डोक्यावर गेलं.

गलबत त्या दुपारी नेडची पेटी घेऊन आणि नेडला सोडून गेलं. दोन वर्षांनी विलायतेहून नवी पेटी आली म्हणे, पण तोवर त्याने आपल्या लोहाराकडून सगळी हत्यारं करून घेतली होती. गव्हर्नराने दुसऱ्या दिवशी खुर्चीचे पाय कापून घेतले. पाद्र्याने चार दिवस वाट पाहून ओटा उतरवला. म्हातारे कायमचे सुधारले असं समजू नका. पुढच्या वर्षी दोघं कबरीची चांगली जागा कोणाची यावर भांडत होते. पण भांडायला खळ्यावर येऊन बसायचे, बूट काढून, आणि अर्ध्यात हसायला लागायचे. हसल्याबद्दल खोड्यात घालायचा कायदा त्यांनी त्याच साली काढून टाकला. खोड्याच्या फळ्यांची नेडने उघाडी केली.

पुढे कधीतरी टोपीकर दुसऱ्या कुठल्या बंदरात निघून गेले. कुसू पडला, देवळाला वाळवी लागली. नेड इथेच म्हातारा झाला. भिवराने ते खळं गावाला दिलं आणि त्यावर पुन्हा मळणी करू दिली नाही. ती म्हणायची, "चार एवढे मोठे बैल फिरल्यावर आता दुसरे कुठले आणायचे?"

आजही धामणखारात लग्न असलं की मांडव घालत नाहीत. दोन्हीकडच्या मानकऱ्यांना आधी मेढीभोवती एक फेरा मारायला लावतात आणि बांधावरून बायका हाळी देतात. कलेक्टर असो, आमदार असो, मुलाचा आत्येभाऊ पोलिसात असो, फेरा चुकत नाही. मग लोक गोल बसतात आणि नवरी एकेकाच्या कानाशी वाकते. म्हातारे, पोरं, वाजंत्री, उशिरा आलेला रिक्षावाला, कोणीही सुटत नाही. दीडशे कानांत ती एकच वाक्य सांगते, मेढीसमोरची जागा पहिल्या मानाची, ती तुमची. शेजाऱ्याला तेच सांगितलंय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी प्रत्येक म्हातारा पाठ ताठ करतो, मिशीवरून हात फिरवतो, शेजाऱ्याकडे कीव आल्यासारखा बघतो, आणि शेजारी आपल्याकडे तसाच बघतोय हे दिसलं की फिसकन हसतो. तोवर पानांवर वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या येऊन पडलेल्या असतात. वाढायला सुरुवात कुठून झाली हे आजवर कोणाच्याही लक्षात राहिलेलं नाही.